त्सुगश्पित्सेवरची सकाळची हवा

१७ सप्टेंबर, सोमवार

हाउसआर्ट्स्टने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, रोज चार ओळी लिहायला सांगितलंय. झोप लागत नाही म्हणून गेलो होतो. त्याने विचारलं, कसं वाटतंय? म्हटलं, ठीक. थोड्या वेळाने परत विचारलं. परत ठीक. मग म्हणाला, लिहीत जा, कोणी वाचणार नाही. आल्झो, तर मग लिहितोय.

आज जिन्यात हाउसफरवाल्टुंगची, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्यांची, नोटीस लागली आहे. १३ नोव्हेंबरपासून बिल्डिंगच्या केबलवरचा ॲनालॉग सिग्नल बंद. जुने टीव्ही चालणार नाहीत. आमचा टीव्ही जुनाच आहे, आधीचा भाडेकरू सोडून गेलेला. म्हणजे काहीतरी घ्यावं लागणार. दोन महिने हातात आहेत. लोक शेवटच्या दिवशी धावतात, मी त्यातला नाही. नुसता सेट-टॉप डबा आणायचा नाही. रेकॉर्डरच आणायचा, हार्ड डिस्कवाला. एकदाच काय ते व्यवस्थित.

१९ सप्टेंबर, बुधवार

अण्णा इथे रमले आहेत. जूनमध्ये आई गेली. साताऱ्याच्या घरात एकटे कसे राहतील म्हणून व्हिसा काढून इकडे आणलं, १ डिसेंबरला परत. वाटलं होतं उंटरश्लाइसहाइमसारख्या जर्मन गावात कंटाळतील. तर नाही. सकाळी एका चॅनेलवर आल्प्सच्या शिखरांवरचे कॅमेरे दाखवतात. कॅमेरा हळूहळू फिरतो, खाली तापमान येतं, मागे पिपाण्या वाजतात. कोणी बोलत नाही. अण्णा ते पूर्ण बघतात आणि तापमान मोठ्याने वाचतात. त्सुगश्पित्से, उणे दोन. वीज मंडळात होते, आकडा दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही.

आज मी बूट घालत होतो तर म्हणाले, शेखर, बस रे जरा. आईच्या त्या दिवशीचं तुला सांगायचं राहिलंय. म्हटलं, अण्णा, एस-बान चुकेल. म्हणाले, बरं.

एस-बान लेट होती. प्लॅटफॉर्मवर बराच वेळ उभा होतो.

२२ सप्टेंबर, शनिवार

आंघोळ करताना सुचलं. सकाळचे डोंगर रेकॉर्ड करायचे आणि संध्याकाळी मी आणि अण्णांनी शांतपणे एकत्र बसून बघायचे. मग अण्णांना जे बोलायचंय ते बोलता येईल. मला सकाळी घाई, त्यांना रात्री झोप. रेकॉर्डर हेच उत्तर आहे.

बायकोला, नीलिमाला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे सकाळची हवा संध्याकाळी बघणार? म्हटलं, मुद्दा हवेचा नाही. ती म्हणाली, मग आत्ता जाऊन बस की, सोफ्यावरच आहेत ते. तिला प्लॅनिंग हा प्रकार कळत नाही. बायका लगेच भावनेवर येतात.

३ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. दिवसभर एक्सेल. तेवीस मॉडेल, प्रत्येकाला गुण. डिस्क, ट्यूनर, रिमोटची बटणं, पंख्याचा आवाज. रिमोटच्या बटणांना जास्त वजन दिलं, कारण अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. माझ्यासारखा विचार किती मुलं करतात?

दुपारी अण्णा चहा घेऊन आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. म्हणाले, बरंच मोठं काम दिसतंय. म्हटलं, तुमच्यासाठीच चाललंय. ते थोडा वेळ एक्सेलकडे बघत राहिले. मग कप उचलून गेले. चहा मी प्यायलो नव्हतो.

१० ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसात मयुरेशला विचारलं. तो म्हणाला, अरे कुठलाही घे, उद्या आणून लाव. हा माणूस टेस्टिंगमध्ये कसा आला माहीत नाही. त्याचं मत एक्सेलमध्ये घेतलेलं नाही.

नोव्हेंबरमध्ये नवीन मॉडेल येतात म्हणे. थांबावं का? की दोन आठवडे थांबून मग ठरवावं की थांबायचं का?

२० ऑक्टोबर, शनिवार

ऑर्डर दिली! शेवटी निर्णय घ्यायला माणूस लागतो.

नीलिमा म्हणाली, आधी कपाट सरकवून भिंतीतलं सॉकेट बघ, आपल्याकडे काय आहे ते. म्हटलं, जर्मनीत सगळीकडे डिश असते, समोरच्या बाल्कन्या बघ. ती म्हणाली, समोरच्या बाल्कनीत बैलाचं मुंडकंपण लावलंय. ह्याचा संबंध कळला नाही.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

रेकॉर्डर आला. डिशचा आहे. आमच्याकडे केबल आहे. नोटिशीतही केबलच लिहिलं होतं. मी ती वाचली होती, पण त्या वेळी तारखेवर लक्ष होतं.

हरकत नाही. परत पाठवता येतो. इथले ग्राहक कायदे उत्तम आहेत. खोका तसाच्या तसा पॅक करायला संध्याकाळ गेली, थर्मोकोलचा एक तुकडा उरतच होता. अण्णा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, हे झालं की बसू या का? म्हटलं, झालं की लगेच. तुकडा बसला तेव्हा ते आत गेले होते.

३० ऑक्टोबर, मंगळवार

अन्वीच्या शाळेला हर्ब्स्टफेरियन, शरद ऋतूची सुट्टी. दहा वर्षांची पोरगी, सुट्टीत दुपारपर्यंत झोपायला हवी. पण सकाळी उठून अण्णांच्या शेजारी जाऊन बसते. दोघं डोंगर बघतात. ते मराठीत बोलतात, ती जर्मनमध्ये उत्तर देते. तिला मराठी सगळं कळतं, बोलत नाही. अण्णांना जर्मनचा एक शब्द येत नाही. तरी तासभर चाललेलं असतं. मी बूट घालताना दोघं एकदम गप्प झाले.

माझ्यामुळे नसेल. डोंगरावर ढग आले होते.

३ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी ऑर्डर. केबलचा. सॉकेटचा फोटो काढून चार वेळा खात्री केली. ह्याला दोन ट्यूनर आहेत, एकाच वेळी दोन कार्यक्रम रेकॉर्ड करता येतात. आम्ही एकही बघत नाही, पण सोय असावी.

दहा दिवस आधी! म्हणजे बफर धरून.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

पत्रपेटीत चिठ्ठी: पार्सल समोरच्या फ्राऊ राइंडलकडे ठेवलं आहे. बेल वाजवली. परत वाजवली. वरचे आजोबा खाली येताना म्हणाले, ती आज दुपारीच बहिणीकडे सीमेपलीकडे स्यूडटिरोलला गेली, महिनाअखेरपर्यंत नाही.

म्हणजे बाईने सकाळी माझं पार्सल घेतलं आणि दुपारी देश सोडला. शेजारधर्म तो काय! रेकॉर्डर आमच्या दारासमोरच्या दाराआड आहे. तांत्रिकदृष्ट्या आला आहे.

अण्णांना सांगितलं, आलाय, फक्त समोर आहे. ते म्हणाले, असू दे रे, त्यावाचून काही अडलंय का? म्हटलं, अडलंय ना.  

१३ नोव्हेंबर, मंगळवार

सिग्नल गेला. नोटिशीत लिहिलं होतं तसाच. पडद्यावर मुंग्या. अण्णा समोर बसूनच होते. म्हटलं, बंद करू का? म्हणाले, राहू दे, येईल परत असं वाटतंय.

अन्वी शाळेत जायच्या आधी टॅबलेट घेऊन आली, दोनदा बोट लावलं आणि डोंगर आले. तेच कॅमेरे, इंटरनेटवर. पिपाण्यासुद्धा. मी तिला समजावलं की हा तात्पुरता उपाय आहे, सिस्टीम नव्हे. ती म्हणाली, पापा, आजोबांना दिसतंय ना. अण्णांनी वाचलं, त्सुगश्पित्से, उणे चार.

दिवसभर ऑफिसात हात गार पडले होते. हाउसआर्ट्स्टला सांगायला हवं. सांगेन तेव्हा परत विचारेल, कसं वाटतंय?

१८ नोव्हेंबर, रविवार

दुकानं बंद. करण्यासारखं काही नाही. म्हणून लिहितो.

मला त्या दिवशीचं ऐकायचं नाहीये. लिहिलं, आता खोडत नाही. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. आत्या रडल्या, शेजारचे रडले, मी सगळ्यांच्या चहाचं बघितलं. अजून मला रडू आलेलं नाही. अण्णांनी एकदा ते सांगितलं, की मग आई खरंच गेली असं होईल. आत्ता ती साताऱ्यात आहे आणि फोन उचलत नाही, इतकंच आहे. हे असं चाललेलं बरं आहे. कोणाला त्रास नाही.

असो. जुन्या टीव्हीला नवीन रेकॉर्डर कुठल्या केबलने जोडायचा ते बघायचं राहिलंय.

२८ नोव्हेंबर, बुधवार

फ्राऊ राइंडल आली. पार्सल दिलं, वर पिशवीभर सफरचंदं. तिला वाटलं मी आभार मानायला उभा आहे. मानले.

रेकॉर्डरची पिन नवीन, टीव्हीचं भोक जुनं. मध्ये एक कन्व्हर्टर लागतो. शुक्रवारी संध्याकाळी येतो म्हणतात. म्हणजे शुक्रवारी रात्री जोडायचा, शनिवारी सकाळचे डोंगर रेकॉर्ड, दुपारी बघायचे, संध्याकाळी विमानतळ. बसतंय सगळं.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

अण्णांची बॅग भरून झाली. नीलिमाने वजन केलं. जेवताना अण्णा म्हणाले, शेखर, आज बसतोस का? नीलिमाने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, हो, आजच! एवढं जोडतो आणि बसतोच.

कन्व्हर्टर चालला. माझा अंदाज बरोबर होता. मग चॅनेल सर्च सुरू झाला. सर्च एकदा सुरू झाला की मध्ये थांबवता येत नाही, म्हणजे येतो, पण पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. अण्णा सोफ्यावर टक्क्यांचा आकडा बघत बसले होते. पंधरा टक्के, अठरा टक्के, मोठ्याने. चाळिशीच्या पुढे आवाज आला नाही. बघितलं तर बसल्या बसल्या झोपले होते. नीलिमाने पांघरूण घातलं. 

१ डिसेंबर, शनिवार

सकाळी डोंगर रेकॉर्ड झाले नाहीत. वेळ हिवाळ्याची लावायची राहिली होती, एक तास आधीचा कुठलासा स्वयंपाकाचा कार्यक्रम रेकॉर्ड झाला.

विमानतळावर व्हीलचेअर आली. अण्णांनी विचारलं, लागला का रे तुझा रेकॉर्डर? म्हटलं, लागला. म्हणाले, चांगलं झालं, डोक्याचा ताप गेला तुझ्या. अन्वीने त्यांना घट्ट मिठी मारली. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. मागची बाई घाई करत होती.

२ डिसेंबर, रविवार

यशस्वी! डोंगर रेकॉर्ड झाले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. संध्याकाळी सोफ्यावर बसून बघितले. चित्र अतिशय स्वच्छ आहे, बर्फावरच्या स्कीच्या रेघासुद्धा दिसतात. त्सुगश्पित्से, उणे अकरा. नीलिमा मध्येच उठून गेली. रिमोटची बटणं मोठी आहेत ते किती बरं झालं.

४ डिसेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत साताऱ्याला फोन केला. मयुरेशला सांगून मुद्दाम मीटिंग रूम घेतली, दार लावलं, खुर्चीत बसलो. म्हटलं, अण्णा, आता निवांत बसलोय. सांगा त्या दिवशीचं. अण्णा म्हणाले, अरे, ते मी अन्वीला सांगितलं. ती बसायची ना रोज. आता परत नको रे, एकदा सांगतानाच फार झालं. तू जेवलास का? मग म्हणाले, पाणी आलंय, ठेवतो.

संध्याकाळी घरी आलो. अन्वीची हँडबॉलची प्रॅक्टिस होती, ती येईपर्यंत थांबलो. तिच्या खोलीत जाऊन विचारलं. तिने बुटांच्या नाड्या सोडता सोडता सांगितलं, अर्थात जर्मनमध्ये. आजीला रात्री दोन वाजता बरं वाटेना. तिने विचारलं, शेखरशी बोलायचंय, लावता का फोन? आजोबा म्हणाले, उशीर झालाय, तो दमून झोपला असेल, सकाळी लावू. आजी म्हणाली, हो, नको उठवायला. आणि मग सकाळी आजी नव्हती.

आईचं शेवटचं बोलणं मला जर्मनमध्ये कळलं. मी अन्वीच्या पलंगाच्या कडेला बसलो.

अन्वी म्हणाली, आजोबांना एवढंच विचारायचं होतं की फोन लावला नाही म्हणून पापा रागावलाय का? म्हणून तो जवळ बसत नाही का?

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?

म्हणाली, मी सांगितलं, नाइन, तो रागावलेला नाही, तो रेकॉर्डर शोधतोय.

हे तिने जर्मनमध्ये सांगितलं होतं. अण्णांना काय कळलं असेल कोण जाणे. आता आधी हेच सांगायला हवं, की मी रागावलेलो नाही, मुळीच नाही. फोन हातात घेतला. पण साताऱ्यात आता बरीच रात्र झाली असणार. दमले असतील, परवाच एवढा प्रवास झालाय. उगाच कशाला उठवायचं? सकाळी लावतो.