लंकीचं रान

खर्डा,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. लंकाआत्या,

लांबूनच पाया पडते. समोर आले असते तर तू पाय मागे घेतले असतेस, आणि ते बरोबरच झालं असतं.

तीनदा फोन केला. आवाज ओळखून तू तिन्ही वेळा कट केलास, म्हणून हे पत्र. तुला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. तुमच्या ऊसरोपवाटिकेतली निकिता वाचून दाखवेल, असं आसारामबाबा म्हणाले. पत्ताही त्यांनीच दिला. निकिता, एखादी ओळ वाईट वाटली तरी गाळू नकोस. आत्याची अब्रू चावडीसमोर गेली, माझी तुझ्यासमोर गेली तर काही बिघडत नाही.

इकडची खबर म्हणजे, सप्टेंबरातल्या पावसानं तूर पिवळी पडली. आईचे गुडघे धरलेत. आसारामबाबांनी मेंढरं कमी केली, पण सकाळी रानाकडे त्यांची एक चक्कर असतेच. मी खर्ड्याच्या हायस्कूलवर चित्रकला शिकवते आणि दहा दिवसांपासून इथंच खोली घेऊन राहते.

रान चांगलं आहे. हे आधी सांगायला हवं होतं. ज्या माळावर तू पहारीनं मुरूम फोडलास, तिथं आता भर दुपारी सावलीत डबा खाता येतो. कडुनिंब, हिवर, पळस सगळे उभे आहेत. बारा सालच्या दुष्काळात टँकरखाली सांडलेलं पाणी कळशीत धरून तू जी सीताफळं जगवलीस, त्यांना यंदा इतकी फळं लागली की पोरं कंटाळली खाऊन.

जुलैत पुण्याची एक संस्था आली. गावाचं वन चित्रांतून, झाडांतून आणि इतिहासातून ओळखायचं, असा त्यांचा सहा रविवारांचा कार्यक्रम. मी गावचीच, त्यात चित्रकलेची बाई, म्हणून सगळं माझ्याकडे दिलं. शाळेची मुलं, बाया, म्हातारी माणसं, चाळीसेक जण यायचे. सालीवर कागद धरून कोळशानं घासलं की झाडाचा ठसा उतरतो, ते मी शिकवलं. करणसर म्हणून झाडांचे अभ्यासक होते, ते कुठलं बी कुठला पक्षी आणून टाकतो ते सांगायचे. ओढ्याकाठच्या वीरगळापाशी एका गुरुजींनी खर्ड्याच्या लढाईवर तासभर भाषण दिलं. तो दगड तुला खड्डा खणताना सापडला, तू तो धुऊन उभा केलास, हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. मी बोलले नाही.

पहिल्याच रविवारी करणसरांनी मुलांना विचारलं, या वनाला काय म्हणता? सगळी एका सुरात म्हणाली, ‘लंकीचं रान.’ ही पोरं तू गेल्यावर जन्मलेली. लंकी कोण, ते एकालाही सांगता येईना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. जुनं नाव आहे, एवढंच मी म्हणाले.

पाचव्या रविवारी आम्ही वरच्या अंगाला गेलो. तिथं तीन खड्डे आहेत, गवतानं भरलेले. करणसर खाली बसले, कडेची माती चाचपली आणि म्हणाले, इथं चंदन होतं, चोरांनी मुळासकट नेलं. मग मुलांना समजावून सांगायला लागले की चंदन स्वतःच्या मुळांवर पुरतं जगत नाही, शेजारच्या झाडाच्या मुळांना आपली मुळं चिकटवतं आणि त्याच्यातलं ओढून मोठं होतं. मुलांनी ते वह्यांत लिहून घेतलं. मला तिथं उभं राहवेना. डोकं दुखतंय म्हणून मी घरी आले.

शेवटी रानाच्या तोंडाशी एक मोठा फलक लावायचा होता. मी काढलेला नकाशा, झाडांची चित्रं आणि खाली वनाचा इतिहास. इतिहासही मीच लिहायचा होता. आण्णा, माझे वडील आणि तुझा भाऊ, वन समितीचे अध्यक्ष आहेत, हे तुला कळलं असेल. त्यांनी कागद वाचून एक ओळ घालायला लावली, ‘अध्यक्ष सहादेव यांच्या पुढाकारातून.’ मी त्याच्यापुढं ‘व गावकऱ्यांच्या श्रमदानातून’ असं जोडलं. गावकऱ्यांमध्ये तू आलीसच, असं मनाशी म्हणून मी तो कागद छापायला दिला. पंधरा वर्षं तू ते रान राखलंस आणि मी तुला एका ‘व’च्या मागं बसवलं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी उद्घाटन झालं. फलकावरचं कापड काढलं, टाळ्या झाल्या, आणि आसारामबाबा उठून उभे राहिले. त्यांनी नातीकडून तो फलक दोनदा वाचून घेतला. म्हणाले, “ह्यात लंकीचं नाव कुठं हाय?”

आण्णांनी माईक जवळ घेतला. म्हणाले, “जिला राखायला ठिवली तिनंच चंदन इकलं. तिचं नाव पावण्यांफुडं कशाला काढायचं?” मग आण्णांनी माईक माझ्या हातात दिला, कारण पुढचं बोलणं माझं होतं.

आत्या, मी सालीचे ठसे कसे घ्यायचे त्याबद्दल बोलले. दहा मिनिटं. चांगलं बोलले, असं सगळे म्हणाले.

आता ते लिहिते.

तेरा सालचा फेब्रुवारी, बाजारचा दिवस. तूही बाजारला गेली होतीस. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती, तरी मी शाळा बुडवून चित्राची वही घेऊन रानात आले होते. वरच्या अंगाला करवतीचा आवाज आला म्हणून गेले. दोन अनोळखी माणसं मूळ खणत होती आणि आण्णा फांद्या छाटत होते. सगळ्या माळावर वास सुटला होता. आण्णांनी मला पाहिलं. ओरडले नाहीत. संध्याकाळी जेवताना फक्त म्हणाले, “तू आज शाळेत हुतीस.” मी हो म्हणाले.

चौथ्या दिवशी चावडीवर सगळं गाव जमलं. रानाच्या फाटकाची किल्ली तुझ्याकडे, म्हणून चोर तूच. तू कुणाच्या पाया पडली नाहीस. गर्दीत मला शोधलंस आणि म्हणालीस, “सृष्टे, तू रोज रानात अस्तीस. तू सांग, म्या तोडलं का?”

मी म्हणाले, मला काही माहीत नाही.

मी लहान नव्हते, आत्या. सोळा वर्षांची होते. तू माझ्याकडे बघितलंस, मग आण्णांकडे बघितलंस, आणि नंतर एक शब्द बोलली नाहीस. तुला तेव्हाच कळलं होतं का? भावाला वाचवायचं म्हणून गप्प बसलीस, की माझ्या तोंडून ते ऐकल्यावर बोलावंसंच वाटलं नाही? दोन्हींतलं कुठलंही असलं तरी मला झोंबतं. आठवड्यानं तू ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोपरगावकडे गेलीस आणि परत आली नाहीस.

जूनमध्ये आण्णांनी मला नगरला चित्रकलेच्या कॉलेजात घातलं. कांद्याला भाव मिळाला, असं ते सगळ्यांना सांगत होते. त्या वर्षी विहिरीत पाणी नव्हतं आणि आपण कांदा लावलाच नव्हता. मी ते ऐकलं आणि बॅग भरली. सफाईनं पेन्सिल चालवायला तिथं शिकले. फलकावरचं तुझ्या रानातलं एकेक पान मी त्याच शिक्षणावर काढलंय.

उद्घाटनानंतर महिनाभर मला अन्न गोड लागेना. शेवटी आण्णांना म्हणाले, ग्रामसभेत खरं सांगा. ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, “तुलाच चित्रं काढायची हुती. म्या चोरी केली ती कुणापायी? आता बोट कुणाकडं दाखवशील?”

दोन्हीकडे, म्हटलं.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. दिवस, वेळ, माणसं, चावडीवर मी बोललेलं खोटं. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. आण्णा उठून बाहेर गेले, तेवढंच. कुणी म्हणालं, बारा वर्षं झाली, आता काय उपयोग. कुणी म्हणालं, घरातलं घरात मिटवा. एक बाई हळूच म्हणाली की हे आम्हाला तेव्हाच माहीत होतं. हे ऐकून मी खाली बसले. म्हणजे मी एकटीच गप्प नव्हते. सगळं गाव माझ्याबरोबर गप्प होतं आणि तू एकटी चोर होतीस.

इतिवृत्ताची नक्कल मी मागून घेतली. त्यात लिहिलंय, ‘वन समितीबाबत चर्चा झाली.’ आण्णा अजून अध्यक्ष आहेत. वाद नको म्हणून फलकावर कुणाचंच नाव ठेवायचं नाही असं ठरलं. त्या जागी पांढरी पट्टी चिकटवली आहे. घरी गेले तर आईनं माझे कपडे ओसरीवर आणून ठेवले होते. ती रडत होती, पण कपडे तिनं घडी घालून ठेवले होते.

मी जे बोलले ते स्टॅम्पपेपरवर लिहून, सही करून सोबत पाठवते आहे. तुला पोलिसात द्यायचं असेल तर दे. मी साक्षीला येईन. द्यायचं नसेल तर चुलीत घाल.

आणखी एक. समितीला पुढच्या जूनमध्ये वरच्या अंगाला झाडं लावायची आहेत. तिथल्या मुरमात काय जगेल ते कुणालाच कळत नाही. तुला विचारून सांग, असा मला निरोप आला. मी म्हणाले, कोपरगावची एसटी रोज आहे, ज्याला विचारायचं त्यानं जावं. अजून कुणी गेलेलं नाही. जातील असं मला वाटतही नाही.

क्षमा मागत नाही. ती दिलीस तर मला हलकं वाटेल, आणि तेवढा माझा हक्क नाही. उत्तर पाठवू नकोस. पुढचा फोनही कट कर.

तुझ्या रानावर शिकलेली
सृष्टी