शेततळ्यात ओतलेल्या दोन बादल्या

आई, तुझे गुडघे आता दुखत नसतील ना? दादांचा खोकला थांबला का? थोरल्या काकूला नीट दिसतं का? सगळे तिकडे एकत्र आहात, म्हणून एकेकाचं विचारते. माझं म्हणशील तर सकाळपासून घरातच दडून बसलेय.

सुपा एमआयडीसीतल्या कंपनीतलं काम सोडून सुनेने आपल्या शेततळ्यात मासे सोडलेत. तिने मला शिकवलं होतं, पाण्यात थोडं शेण आणि चिमूटभर खत कालवलं की पाणी हिरवट होतं, त्यातच माशांचं खाणं तयार होतं. आठवड्याला अर्धी बादली, बस्स. ती चार दिवस माहेरी गेली आणि मला मासे रोडावल्यासारखे दिसायला लागले. तू ओळखतेस मला. नको नको म्हणणाऱ्याच्या ताटातही भाकरी टाकणारी मी. दोन बादल्या शेण कालवलं, कांद्याचा उरलेला युरियाही त्यातच रिकामा केला, नि दिलं ओतून.

पाणी पालकाच्या भाजीसारखं दाट हिरवं झालंय. काल सून आली. आज पहाटे पाहतो तर सगळे मासे वर येऊन तोंडं वासतायत, काठाला चार-पाच उलटे पडलेले. तिने मत्स्यबीज देणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "खत जास्त पडलं का? खतानं माजलेलं हिरवं शेवाळ दिवसा हवा सोडतं, पन रात्री माशांच्या वाटची हवा सोताच वढतं. तसं आसंल तर निम्मं पानी आजच कांद्याला सोडा, विहिरीचं नवं भरा. न्हाईतर मग रोग हाय, उद्या औषध धाडतो."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. "आत्या, तुमी काय टाकलं का?"

"मी? न्हाई गं बाई."

ती त्याला म्हणाली, "रोगच आसंल मग."

आई, मी लहानपणी आपल्या चुलीमागच्या मिरचीला मूठभर युरिया घातला होता, आठवतं? पानं तळहाताएवढी झाली, मिरची एक धरेना. तू पिठाच्या हाताने माझा कान धरलास आणि म्हणालीस, "जीव लाव, पन घशात कोंबू नगंस." कान सोडल्यावर तूच गुळाचा खडा दिला होतास.

आता चार वाजलेत. विहिरीवरच्या मोटारीची लाईट सहाला जाते. मग पाणी बदलता येणार नाही, आणि उद्याच्या पहाटेला किती मासे उरतील कोण जाणे. ती बिचारी काठावर बसून उद्याच्या औषधाची वाट बघतेय, मी घरात बसून तुला लिहितेय. हे पत्र टाकायला पेटी नाही, हे काय मला कळत नाही?

खरं सांगू? माशांपेक्षा मला तिची भीती वाटते. कालवणाची चव बघायला ती रोज मलाच हाक मारते. उद्यापासून नाही मारली तर?

कसं तोंड उघडू, ते लवकर लिहून कळव, आई. सहाच्या आत.