चौथ्या चाकाची खूण

हिनोकुरा, २८ नोव्हेंबर

प्रिय शिगेकी,

आशीर्वाद द्यावा इतका मी थोर नाही आणि नमस्कार करावा इतका तू नाहीस, तेव्हा नुसतं 'प्रिय' पुरे. आपल्याकडे पत्राची सुरुवात हवामानाने करायची असते, ती शिस्त पाळतो. डोंगरमाथा काल तिसऱ्यांदा पांढरा झाला. म्हणजे पुढचा बर्फ आपल्या अंगणात.

बाकी क्षेम. वाडीत आता सात घरं उरली. नोदाआजींची कवळी सप्टेंबरात हरवली होती, ती मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपात सापडली. लोणचं त्यांनी देवळात नैवेद्याला पाठवलं होतं, त्यामुळे बुद्धाने आणि त्याचा भिक्षू म्हणून मी, दोघांनीही ते खाल्लं. बुद्ध काही बोलला नाही. मीही नाही. मौन हा आमचा दोघांचा जुना गुण.

तुझं पत्र पंधरा दिवसांपूर्वी मिळालं. चार ओळींच्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागावेत, हे संस्कृत शिकलेल्या माणसाला शोभत नाही. आम्ही सूत्रावर भाष्य लिहिण्यात पटाईत. पण तुझं सूत्र अवघड आहे. तू लिहितोस : 'दहा डिसेंबरला येतोय. बाबांना शहरातल्या वृद्धाश्रमात जागा मिळाली आहे. ते विसरायला लागले आहेत आणि त्याची किंमत आईने मोजली. तुझं ते ऐकतात, तयार करून ठेव.'

तयार करायला फार काही लागणार नाही. ते तयारच आहेत, हीच पंचाईत आहे.

तू शेवटचा आलास तो आईच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला. त्यानंतरचं घर तू पाहिलेलं नाहीस. तुझ्या बाबांनी, आमच्या काकांनी, सगळीकडे चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. शेगडीवर 'बंद केली का?', दारावर 'किल्ली', आरशावर 'दाढी झाली, पुन्हा करू नको.' रोज सकाळी काठी टेकत देवळात येतात आणि पायरीवर बसून विचारतात, "महाराज, काल मी काय विसरलो?"

मी म्हणतो, "काही नाही, काका."

"नीट आठव. मला आठवत नाही म्हणून तुला विचारतोय."

खरं सांगू? ते काहीही विसरत नाहीत. तू सहावीत असताना माझ्या सायकलची साखळी तोडलीस, ते वार-तिथीसकट सांगतात. पण त्यांच्या वर्कशॉपला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे आणून दिली आहे. बर्फात चाकांच्या जागी चढवायचे ते रबरी पट्टे आत निळ्या ताडपत्रीखाली पडलेत. बर्फ पडला की घाटरस्ता बंद, आणि पट्टे चढवल्याशिवाय आपला पांढरा छोटा ट्रक अंगणाबाहेर जात नाही. खालच्या हमरस्त्यापर्यंत पाच किलोमीटर. सात घरांत मिळून नऊ माणसं, त्यांतली सहा ऐंशीच्या वरची. परवा वाडीची बैठक झाली. सगळे काकांकडे बघत होते आणि काका हाताच्या तळव्यांकडे.

"दुसरा कुणीतरी शोधा," ते म्हणाले. "माझ्या हातांचा भरवसा नाही."

नोदाआजी म्हणाल्या, "अरे कानेयोशी, दुसरा कुठून आणू? मी चढवू का पट्टे? मला कवळी नीट बसवता येत नाही!"

सगळे हसले. काका हसले नाहीत.

आता त्या पट्ट्यांबद्दल. तू मिस्त्र्याचा मुलगा असून आयुष्यभर फक्त कर्जाचे अर्ज तपासलेस, म्हणून सविस्तर लिहितो. चाक काढायचं. त्या जागी तिकोनी सांगाडा बसवायचा, ज्याच्याभोवती रबराचा रुंद पट्टा फिरतो. चाकाचेच चार नट त्याला धरून ठेवतात. सांगाडा गरकन उलटू नये म्हणून एक आडवी दांडी गाडीच्या अंगाला बांधायची. मग अर्धा तास गाडी चालवून आणायची आणि आल्याबरोबर सगळे नट पुन्हा आवळायचे. हे 'पुन्हा' सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या धावेत लोखंडामधला गंज आणि रंग चिरडतो आणि घट्ट वाटणारा नट आतून सैल झालेला असतो. काका म्हणायचे, "पहिल्यांदा आवळणं म्हणजे साखरपुडा. लग्न दुसऱ्यांदा."

गेल्या हिवाळ्यात बर्फ उशिरा आला. जानेवारीत नेहमीप्रमाणे काकांनी पट्टे चढवले आणि मी कागद धरला. वाडीत अक्षर बरं माझं एकट्याचं, म्हणून हे काम माझं. चार चाकांच्या चार चौकटी; चाक पुन्हा आवळून झालं की चौकटीत खूण.

आणि काकांची मोजायची पद्धत तुला माहीत आहे. चार आणि मरण या दोघांचा आपल्या भाषेत उच्चार एकच, 'शी', म्हणून गाडीजवळ ते चार म्हणत नाहीत. भाताचे 'शी' गोळे मागितलेस म्हणून तू याच वर्कशॉपात टपली खाल्ली होतीस. चारला दुसरा सोज्वळ उच्चार आहे, तोही त्यांना चालत नाही : "नाव बदललं म्हणून पाहुणा बदलतो का?" तेव्हा एक, दोन, तीन, आणि चौथा नट आवळला की तोंडाने काही नाही, तळहाताची एक थाप रबरावर. धप्. धप् ऐकली की मी खूण करायची. आमची ही रीत सहा हिवाळे चालली.

त्या दिवशी तीन चाकांचं झालं. मग काय घडलं ते असं : छपरावरून बर्फ घसरला. हात्सुएकाकू वळचणीखाली मुळे वाळत घालत होत्या, त्यांच्या अंगावर पडला. काका पाना टाकून धावले. काकू कमरेपर्यंत बर्फात बसून हसत होत्या. "बघता काय, मुळे काढा आधी! मी काय, मी लोणच्याला उपयोगी नाही!" दहा मिनिटं मुळे शोधण्यात गेली. मग काका परत आले आणि चौथ्या चाकाचे नट राहून गेले.

पुढचं तुला माहीत आहे. नऊ दिवसांनी सकाळी काकूंचं तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. खाली हमरस्त्यावर रुग्णवाहिका येऊन उभी होती. काका चालवत होते, काकू त्यांच्या शेजारी, मी मागे फावडं घेऊन. चेस्टनटच्या झाडाजवळच्या वळणावर मागचा उजवा पट्टा, तोच चौथा, सांगाड्यासकट निखळला आणि ट्रक बर्फाच्या भिंतीत रुतला. तिथून आम्ही त्यांना ताडपत्रीवर ओढत नेलं. एक तास पन्नास मिनिटं. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आला असतात तर काहीतरी सांगता आलं असतं.

पोलीस विचारायला आला तेव्हा काका उभे राहून म्हणाले, "मी विसरलो." अंत्यविधीला तू सगळ्यांदेखत म्हणालास, "आईला तुम्ही मारलंत, म्हातारपणाच्या हट्टापायी." त्यांनी मान खाली घातली. मी मंत्र म्हणत होतो, थांबलो नाही.

शिगेकी, वरचा मजकूर पुन्हा वाचून पाहिला. व्याकरण निर्दोष आहे. 'चौथ्या चाकाचे नट राहून गेले.' मठात आमचे गुरुजी म्हणायचे, "चोरी पचवायची असेल तर संस्कृत शिका. 'घटो भग्नः', घडा फुटला! फोडणारा वाक्यातून केव्हाच निघून गेलेला असतो." आम्ही खो खो हसायचो. दहा महिने मी त्याच वाक्यात राहतो आहे.

तेव्हा ते पुन्हा लिहितो, कर्त्यासकट.

चौथ्या चाकाशी काका गुडघ्यावर बसले होते. पाना अजून नटाला लागलाही नव्हता. मी मोजणी ऐकत नव्हतो. थंडी होती, आणि मी पट्ट्यांच्या माहितीपत्रकातल्या भाषेच्या चुका शोधत मनाशी हसत होतो, हा माझा छंद तुला ठाऊक आहे. मी फक्त थापेची वाट पाहत होतो. धप् आवाज आला. मी वर न बघता चौथ्या चौकटीत खूण केली.

तो आवाज बर्फाचा होता.

काका मुळे गोळा करून परत आले, पाना उचलला आणि चाकाकडे बघत थबकले. मला म्हणाले, "महाराज, ते झालं होतं ना?"

त्या क्षणी मला कळलं होतं का? थोडंसं. पण कागदावर खूण होती, माझ्या बोटांना कळा लागल्या होत्या, आणि काकूंनी आतून चहासाठी हाक मारली होती.

मी म्हणालो, "झालं."

"कागद म्हणतोय म्हणजे झालं," ते म्हणाले आणि पाना पुसून ठेवला. स्वतःच्या हातांपेक्षा त्यांनी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला.

पोलिसाने मला विचारलं होतं, "कागद वगैरे काही आहे का?" मी म्हणालो, "शोधतो." शोधायला काय होतं? तो माझ्या पोथीत होता. त्याच पोथीतून मी तुझ्या आईसाठी मंत्र म्हटले. तू ओरडलास तेव्हा तो कागद माझ्या अंगठ्याखाली होता.

तुझे वडील विसरले नाहीत. त्यांनी विचारलं. मी खोटं सांगितलं. मग 'आपण विसरलो' यावर त्यांनी स्वतः विश्वास ठेवला, आणि मी रोज सकाळी पायरीवर बसून त्यांना तो ठेवू दिला. "काल मी काय विसरलो?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे दहा महिने होतं.

दहा तारखेला तू त्यांना न्यायचं की नाही हे तुम्ही बापलेक ठरवा. पण 'विसरायला लागले आहेत' हे कारण त्यातून काढून टाक. तो कागद सोबत जोडला आहे. चौथी खूण बघ. पहिल्या तिन्हींसारखीच सुबक आहे.

टपालाची गाडी तीनला येते. पाकीट आताच बंद केलं असतं, पण मग काकांना आधी तुझ्याकडून कळेल. सही करायच्या आधी त्यांच्याकडे जाऊन येतो. किल्लीही नेतो.

दुपार, दोन वाजून पस्तीस मिनिटं

सांगितलं. पत्र वाचून दाखवणार होतो, पण त्यांनी हात वर केला. "व्याकरण नको. तोंडाने सांग." मग तोंडाने सांगितलं. चार-पाच वाक्यं होती.

त्यांनी शेगडीवरच्या चिठ्ठीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला. मग म्हणाले, "म्हणजे मी विचारलं होतं."

"हो."

"'ते झालं ना' असं?"

"हो, काका. याच शब्दांत."

"मला तसं आठवत होतं. फेब्रुवारीपासून आठवत होतं. मला वाटलं, मेलं डोकं आता आपल्या सोयीचं रचायला लागलं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ते उठले, शेगडीवरची चिठ्ठी काढली, दारावरची काढली, आरशावरची काढली. एकावर एक ठेवून माझ्या हातात दिल्या. "घे. अक्षर सुधार."

मग किल्ली मागितली.

वर्कशॉपात त्यांनी ताडपत्री ओढली, जॅक लावला. मी सवयीने कागदाची पाटी उचलली. "खाली ठेव," ते म्हणाले. "तू लिहू नकोस. इथे उभा राहा आणि ऐक."

मागच्या उजव्या चाकापासून सुरुवात केली. सांगाडा नवा, नट नवे. एक. दोन. तीन. मी थापेची वाट बघत होतो. थाप आली नाही. त्यांनी पाना फिरवला, तो टक् वाजला, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "शी."

दुसऱ्या चाकाला शी. तिसऱ्याला शी. चौथ्याला शी. सत्तर वर्षं ज्या माणसाने गाडीजवळ हा शब्द उच्चारला नाही, तो एका तासात चार वेळा बोलला. दर वेळी माझ्याकडे बघून, स्पष्ट, लहान मुलाला अक्षर शिकवावं तसं.

"आता अर्धा तास फिरवून आणतो," ते म्हणाले, "मग पुन्हा आवळायचे आहेत. तेव्हाही उभा राहशील. दर वर्षी राहशील."

"राहीन."

"आणि हात्सुएच्या वर्षश्राद्धाला खालच्या देवळातला भिक्षू बोलावतो. तिच्यासमोर तू तोंड उघडू नकोस."

तिच्या श्राद्धाला समाधीमागे उभी करायच्या लाकडी पाटीवर मी ख, ह, र, व, अ ही पंचमहाभूतांची पाच संस्कृत बीजाक्षरं आधीच लिहून ठेवली होती, चांगली वळणदार. ती आज चुलीत घालतो.

आत्ता ट्रक खालच्या वळणापर्यंत जाऊन परत येतो आहे, आवाज ऐकू येतो. टपालवाला आणि तो एकाच वेळी पोचतील असं दिसतं. नेहमी मी तुला पत्राखाली 'तुझा' लिहितो. या वेळी तो शब्द गाळला आहे. तुला वाटलं तर तुझ्या हाताने लिही, नाही तर राहू दे.

कर्ता,
र्योएन