फळ्यावरचा पाहुणा

प्रिय अण्णा,

उद्यापासून तुझ्याच शाळेत मी शिकवणार आहे. सांगलीला ट्रेनिंग झालं आणि नेमणूक नेमकी आपल्याच गावात! आनंद व्हायला हवा होता. पण झोप येईना, म्हणून तुलाच लिहायला बसले.

तुझं व्याकरण किती गमतीचं होतं रे! पलटणीतून रजेवर आलेल्या शिवामामाने विलायती वर्तमानपत्र दाखवलं, त्यात चौकटीचौकटीने चित्रांची गोष्ट. तेव्हापासून तूही फळ्यावर चौकटी आखायला लागलास. "काल काय बघितलंत?" पोरं सांगतील ते तू काढायचास, खाली वाक्य लिहायचास, त्यातलं क्रियापद त्यांनी शोधायचं. पाठांतराला रडणारी पोरं चित्र बघून घडाघडा बोलायची.

त्या दिवशी चिंगी उठली. "गुर्जी, आमच्या उसात पावणा हाय. गूळ खातुया, तितंच झोपतुया." वर्ग हसला, तूही हसत तीन चौकटी काढल्यास. पाहुणा गूळ खातो. पाहुणा उसात शिरतो. पाहुणा झोपतो. अण्णा, गाव चळवळीतल्या ज्या भूमिगत माणसाला जिवापाड लपवत होतं तो हाच, हे तुला एकट्यालाच कसं कळलं नाही? आणि फळा का नाही पुसलास?

शाळा सुटली आणि पोलिसांची तुकडी मुक्कामाला तिथेच उतरली. फौजदाराने फळा वाचला. दिवस मावळायच्या आत उसात गोळी वाजली.

मग गाव आपल्याशी बोलेनासं झालं. तू दारोदार सांगत फिरलास, कुणी ऐकलं नाही. एका दुपारी मळेवाला तात्या दारात आला. "मास्तर, जरा मळ्याकडं चला. काम हाय." तू अर्धी भाकरी टाकून उठलास. नको जाऊस म्हणाले होते ना मी? "अगं, समजावून सांगतो त्यांना," म्हणालास. विहिरीत सापडलास तेव्हा गाव म्हणालं, खबऱ्या होता, पाय घसरला.

स्वराज्य आलं. सगळ्यांचं सगळं धुऊन निघालं, तुझं नाव तेवढं तसंच राहिलं.

आज तात्या आला होता. नातवाला शाळेत घालायचंय म्हणाला. जाताना उंबऱ्यात थबकला. "शिकवा खुशाल, बाई. पर फळ्यावर चितरं नगंत. हिरीला कठडा न्हाई अजून."

मी घाबरलेय, अण्णा. खोटं कशाला सांगू? पण तुला शब्द देते, उद्या मी चौकटी आखणार. पोरांच्या आधी, मी जे बघितलं ते काढणार. पहिल्या चौकटीत आपल्या दारात तात्या उभा असेल.

तुझीच धाकटी बहीण,
बकू