सहारा माझं होतं, ताई

प्रिय ताई,

काल तुला जाऊन वर्ष झालं. मुरबाडला तुझ्या घरी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली आणि चारचौघांत माझी फजिती झाली. ती सांगायलाच हे पत्र लिहायला बसलेय. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी ती नाही, आणि अर्धा दोष तुझाच आहे.

वंदना आटोपल्यावर कुणीतरी म्हणालं, "शशीबाय, तू धाकटी बहीण. ताईंच्या वाळवंटाच्या सफरीवर दोन शब्द बोल." मी उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, मला हुंदका आलाय. हुंदका कसला! मला काही माहीतच नव्हतं. दिलं ठोकून, "ताई उंटावर बसून सहारा हिंडली." मागून भागाबाई, आमच्या धसईच्या बाजारात भाजी विकते ती, म्हणाली, "उंटावर नाय गो. उंटावर तिला चक्कर यायची. गाडीतून गेले ते." सगळे हसले. मीही हसले, पण आतून नुसती जळत होते.

सहारा माझं होतं, ताई. किन्हवलीला अण्णांनी शाळेतून आणलेला जुना नकाशा भिंतीवर होता, आठवतो? दिवसभर लावणीच्या चिखलात वाकून घरी आलं की मी त्या पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, मी इथे जाणार, इथे चिखल नाही. तू काश्मीर म्हणायचीस. मग नर्सची नोकरी संपवून रिटायर झालीस आणि मुंबईच्या एका गटाबरोबर लिबियाच्या वाळवंटात निघालीस, तेव्हा काश्मीर कुठे गेलं?

तसं तू मला विचारलंस, नाही म्हणत नाही. आई माझ्याकडे अंथरुणाला खिळलेली. तू पडवीत बसून म्हणालीस, "शशे, तू जातेस का? मी बघते आईला." मी म्हटलं, "नको, तूच जा." झालं! दुसऱ्याच दिवशी तू पासपोर्टसाठी फोटो काढून आलीस. अगं, आपल्याकडे दुसऱ्यांदा भात घ्यायलासुद्धा कुणी पहिल्या विचारण्याला हो म्हणत नाही. पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, आणि वाढणारी बोटांच्या फटीतून वाढतेच. तू जन्मभर सगळ्यांना असंच वाढलंस. मलाच तेवढं एकदा विचारून पातेलं उचललंस.

ते अठरा दिवस आईचं सगळं मी केलं. आणि आई रोज सकाळी काय विचारायची? "सुनी पोचली का?" मी समोर बसून तिला पेज भरवत असायचे.

तू परत आलीस ती उन्हाने करपून, ओठ फुटलेले, आणि इतकी खूश की मला तुझ्याकडे बघवेना. खजूर आणलेस पिशवीभर. ते मी आळीत वाटून टाकले, एकही तोंडात घातला नाही. हे तुला कधी कळलं नाही ना? "घदामेसला ना, शशे..." अशी तू सुरुवात करायचीस आणि मी चहाचं आधण ठेवायला उठायचे. पुढे आई गेली, तुझं दुखणं सुरू झालं, तरी माझं उठणं काही थांबलं नाही.

मग तू ते बाकीच्यांना सांगितलंस. तिकडचा वाटाड्या निखाऱ्यांखालच्या तापल्या वाळूत गव्हाची जाड भाकर पुरतो, काढून झटकतो आणि दाताखाली कण येत नाही, हे ऐकून आमच्या धसईच्या महिला मंडळाच्या बायका तुला घेऊन नदीवर गेल्या. आणि वाळूत पुरली काय, तर तांदळाची भाकरी! ती फुटायचीच. वाळू आत गेली आणि तुम्ही सगळ्या करकर चावत हसत बसलात. मी आमच्या ओट्यावरून धूर बघत होते. तुझ्या वाळवंटाचा वाटला नसेल इतका हेवा मला त्या भाकरीचा वाटला.

काल भांडी घासताना भागाबाईने मला पुढचं सांगितलं. घदामेस म्हणजे उंटांचे तांडे मुक्कामाला थांबायचे ते जुनं गाव. गल्ल्या वरून झाकलेल्या, भर दुपारी गार आणि अंधाऱ्या. त्या गल्ल्या पुरुषांच्या, आणि वरच्या गच्च्या बायकांच्या. एका गच्चीवरून दुसरीवर अशा बायका गावभर हिंडायच्या. माझ्या सख्ख्या बहिणीने पाहिलेलं मला ही भाजीवाली सांगत होती! माझं तोंड वाकडं झालं असणार, कारण ती थांबली.

"एक सांगू का? रागावू नको," ती म्हणाली. "ताई बोललेली मला, 'शशीला मी दुसऱ्यांदा इचारलं नाय. इचारलं असतं तर ती हो बोलली असती. मलाच जायचं होतं गो, म्हणून नाय इचारलं.'"

मी कितीतरी वेळ त्याच पातेल्याला राख लावत राहिले.

खरं सांगू? आधी मला बरं वाटलं. पाऊसपाण्यात आडवाटेच्या पाड्यांवर बाळंतपणाला धावणारी तू, लोकांच्या लेखी देवमाणूस. तुझ्यापुढे मी कायम कोत्या मनाची. आणि आता तुझ्यातही माझ्याइतकीच हाव निघाली. मग राग आला. मग घरी येताना जीपमध्ये एकदम मनात आलं, दर वेळी "घदामेसला ना, शशे..." म्हणून तू हेच सांगायला बसायचीस का? चार वर्षं तू सांगू बघत होतीस आणि मी उठून जात होते? तुझी माफी माझ्या हक्काची होती, ताई. ती भागाबाईला मिळाली. आता तिचा हेवा कसा करू नको, सांग.

मी तुला अजून माफ केलेलं नाही. घाई करू नकोस. पण एक शब्द देते. रविवारी मंडळाच्या सगळ्या बायकांना घरी बोलावलंय. जिला जेवढं आठवतं तेवढं तिने सांगायचं, पहिल्या दिवसापासून. मी मध्ये उठणार नाही. तू जिथे माझ्यावाचून फार सुखात होतीस, तिथेही बसून राहीन.

तुझीच,
शशी