दुसरा निकोदेमो

प्रिय साव्हेरिओ,

तू कळवलंस, "ऑलिव्हचा मळा लावणारा निकोदेमो पणजोबा ही आजीची नुसती गोष्ट. चर्चच्या दप्तरात तो दोन वर्षांचा असतानाच वारलाय. घराण्याच्या थडग्यावर त्याचं नाव कोरू नकोस."

अरे, वकिली करायला तुरिनला गेलास आणि आपल्या कालाब्रियाची रीत विसरलास? मूल गेलं की आपण पुढच्या मुलाला तेच नाव देतो, आजोबांचं नाव विझू नये म्हणून. मी तेच दप्तर पुढे चाळत गेलो. त्याच आईच्या कुशीत, दोन वर्षांनी, दुसरा निकोदेमो उमलला होता!

पाद्रीबाबा म्हणाले, "ओनोफ्रिओ, वाचताय की रडताय?"

"दोन्ही," म्हटलं.

आपली अस्सुंता म्हणते, "दादा, पत्र टाकू नकोस. वकीलसाहेब धावत येऊन पाथरवटाचा हात धरतील." पटलं. नाव कोरून होईपर्यंत हे पत्र माझ्याच खिशात राहील.

पाथरवट उद्या येतोय. मळा लावणाऱ्याचं नाव तर कोरणारच, पण त्याच्या वर आणखी एक ओळ सांगितली आहे. त्या दोन वर्षांच्या बाळालाही आजवर कुणी दगडावर जागा दिली नव्हती.

तुझा हट्टी दादा,
ओनोफ्रिओ