एकाच रोगाची पाच नावं

प्रिय धाकटे,

तुझं पत्र पोचलं. कंपनीच्या जाड कागदावर, जावक क्रमांकासकट, खाली तुझी सही आणि सहीखाली 'तक्रार निवारण प्रमुख'. तू प्रमुख झालीस हे मला अशा रीतीने कळावं! 'आपल्या झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत. तथापि…' तथापि वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. पुढचं मला पाठ होतं. दिलगिरीच्या पाठोपाठ तथापि आला पाहिजे, मध्ये ग्राहकाला श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही, हे आपल्या जुन्या मिक्सरच्या कंपनीत तुला कुणी शिकवलं ते मला सांगू नकोस. बारा वर्षं तिथे माझ्या शेजारच्या टेबलाशी बसत होतीस, ऑफिसात मी मोठ्या बाई आणि तू धाकटी. तक्रारदाराचं नाव वाचून तुझा हात जरा तरी अडखळला असेल, असं मला उगाच वाटलं होतं. सही मात्र अगदी सरळ रेषेत आहे.

तुझ्या फायलीत मी नुसती 'ग्राहक' आहे, म्हणून फायलीत नाही ते सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. वर्षभर मी घरीच केलं, मग न्हाणीघरात पडून माझंच खुब्याचं हाड मोडलं. एका घरात दोन लंगडे काय कामाचे, म्हणून त्यांना पुलापलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. दुपारचं जेवण ते माझ्याच हातून घेतात. फार प्रेमाने घेतात असं समजू नकोस, मला नावं ठेवत जेवतात. मीठ कमी आहे, चमचा मोठा आहे, तू मुद्दाम उशिरा येतेस. तिथले डॉक्टर म्हणतात, त्यांची जीभ जी काही वळते ती या भांडणापायीच. दिवसभरात दुसऱ्या कुणाशी ते चकार शब्द बोलत नाहीत. तर रोज दुपारी पूल ओलांडून नवऱ्याशी भांडायला जाणं हे माझं सध्याचं काम, आणि त्या कामासाठी मी तुमची ती चार चाकांची, बॅटरीवरची, मोबिलिटी स्कूटर नावाची वस्तू घेतली.

दुकानात तिचा तोरा काय वर्णावा! आरशासारख्या फरशीवर तुमच्या विक्रेत्याने ती गोल गोल फिरवून दाखवली. गळ्यात टाय, तोंडात साखर, आणि दर वाक्याला मला 'आजी'. आजी, एका बोटाने चालवा. आजी, आता तुम्हाला पंखच फुटले. ओळखदेख नसताना आजी म्हणणाऱ्या माणसाकडून काही विकत घेऊ नये, एवढी अक्कल मला सदुसष्टाव्या वर्षी असायला हवी होती. नववा दिवस उजाडला आणि पंख पुलाच्या चढावर गळून पडले. गाडी जागच्या जागी बंद. मागे हॉर्नची रांग, मांडीवर जेवणाचा डबा, आणि पुढून येणारा प्रत्येक जण मला विचारणार की गाडी बंद पडली का? नाही हो, मी इथे वारा खायला थांबलेय.

मग तुमचे मेकॅनिक आले. माणूस वाईट नाही, तोंडात दोन स्क्रू आणि डोक्यात एक धरून काम करतो एवढंच. त्यांनी गाडी आमच्या सपाट व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवली आणि म्हणाले, "बघा, कशी पळते!" मी म्हटलं, अहो, ती व्हरांड्यात बंद पडत नाही, पुलावर पडते, तिथे नेऊन बघा. तर म्हणाले, "पूल आमच्या कामात येत नाही, बाई." पुलावर जायला घेतलेली गाडी, आणि पूल कामात येत नाही! कागदावर त्यांनी 'बॅटरी' असं लिहिलं, 'ग्राहक समाधानी' या चौकटीत बरोबरची खूण केली आणि पेन माझ्या हातात दिलं. मीही सही ठोकली. उन्हातून आलेला माणूस, त्याला कशाला ताटकळत ठेवा, म्हणून. सत्तावीस वर्षं लोकांच्या अशाच सह्या फायलीला लावत आले आणि स्वतःची करताना कागद वाचला नाही. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा, तोही मोडक्या पायावर.

त्यानंतर ती चार वेळा बंद पडली. त्याच पुलावर, त्याच चढावर, दिव्याच्या त्याच खांबापाशी. दुसऱ्यांदा कागदावर आलं 'चार्जर'. तिसऱ्यांदा 'वायरिंग'. चौथ्यांदा 'स्विच'. पाचव्यांदा तर कहरच, 'ग्राहकाची हाताळणी'. तुमच्या हमीपत्रात बारीक अक्षरात छापलंय की एकच दोष तीनदा आढळला तर गाडी बदलून मिळेल. एकच दोष, हं! आणि तुझ्या पत्रात तू लिहितेस की 'नोंदींनुसार पाचही दोष भिन्न असल्याने सदर कलम लागू होत नाही.' वर भरपाई म्हणून सीटचं कव्हर फुकट देऊ केलंय. निळं की करडं, तेही कळवा म्हणे! केवढी ही दानत. चढावर अडकून बसायचंच आहे तर निदान मऊ जागेवर बसा, असंच ना?

पाचव्या वेळी काय झालं ते सांगते. भाजीवाल्या बाईने आपली हातगाडी तशीच टाकून मला ढकलत पुलाच्या पायथ्याशी आणलं आणि रिक्षात बसवून घरी धाडलं. शुश्रूषागृहात मी पोचलेच नाही. तिथल्या आयाबाईंनी ह्यांना भरवायला घेतलं तर ह्यांनी चमचा भिरकावला आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या आठवड्यात तुमची गाडी 'तपासणीसाठी' तुमच्याकडे होती. रिक्षावाले शुश्रूषागृहाच्या गल्लीत यायला तयार नसतात, तरी मी दोनदा गेले. पाच दिवस ते एक शब्द बोलले नाहीत. सहाव्या दिवशी मी मुद्दाम मीठ न घालता नेलं, म्हटलं आता तरी बोलतील. मुकाट्याने खाल्लं, धाकटे. नावं ठेवली नाहीत. मी घरी येऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी ग्राहक मंचात तक्रार दाखल केली.

मला राग कंपनीचा येतो म्हणावं, तर कंपनी म्हणजे कोण? तो टायवाला? ते स्क्रूवाले? मालकाला तर मी कधी पाहिलंही नाही. तुमचे वकील मला मंचाच्या पायऱ्यांवर म्हणाले की बाई, वयोमानाप्रमाणे अंगठ्याचा दाब कमी पडतो, म्हणून गाडी थांबते. चोराच्या उलट्या बोंबा! त्यांचा गळा दाबायला तेवढा दाब पुरला असता. पण खरी किळस मला त्या पाच नावांची येते, कारण ती कुठल्या कारखान्यात तयार झाली ते मला ठाऊक आहे आणि तुलाही. आपण त्याला 'भावंडं वेगळी करणं' म्हणायचो. एका ग्राहकाची एकच तक्रार दर वेळी वेगळ्या आडनावाने नोंदवायची, म्हणजे ती एका घरची आहे हे कुणाला कळायला नको. सगळे हसायचे. साहेबांनी त्यासाठी वार्षिक समारंभात मला पुढे उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. तू पहिल्या रांगेत होतीस.

डबे पुरवणाऱ्या त्या बाई तुला आठवतात का? सहा वेळा मिक्सर पिशवीत घालून आल्या होत्या. सहाव्यांदा काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाल्या, "अहो, रोग एकच आहे, तुम्ही दर वेळी नवं नाव का लिहिता?" मी मान वर न करता म्हटलं, नियमानुसार. त्या पुन्हा आल्या नाहीत. नंतर कळलं की त्यांनी डबे बंद केले. मी तेव्हा तुला काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, बघ, असं मिटवायचं असतं प्रकरण. तुझा तेव्हा चेहरा उतरला होता. नवीन आहे, होईल तयार, असं मी साहेबांना सांगितलं. झालीस की तयार. माझ्यापेक्षाही नीटनेटकी.

आता कामाचं. उद्या सकाळी अकराला मंचापुढे तुझी साक्ष आहे. पाच दोष वेगवेगळे होते की एकच, हे तुला विचारतील. दुपारी माझी पाळी. तेव्हा मी एक वही मंचापुढे ठेवणार आहे. 'नव्या मुलींसाठी सूचना', माझ्या अक्षरातली, पान तिसरं, भावंडं कशी वेगळी करायची ते उदाहरणांसकट. ही युक्ती मी काढली आणि तुला मी शिकवली, हे मी तोंडानेही सांगणार आहे. माझी शोभा होईल, होऊ दे, ती माझी मी कमावलेली आहे. पण सकाळी तू 'वेगवेगळे' म्हणालीस, तर दुपारी वही उघडली की खोटं बोललेलं माणूस तू ठरशील, आणि मग साहेब लोक सगळं तुझ्या गळ्यात बांधून हात झटकतील. सकाळीच खरं बोललीस तर ते तुझं स्वतःचं बोलणं असेल, वहीला भिऊन केलेलं नव्हे. नोकरी कदाचित त्यातही जाईल. माझे वकील म्हणतात, हे पत्र पाठवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. हे तू आज तुमच्या साहेबांना दाखवलंस तर उद्यापर्यंत ते वहीला उत्तर तयार करतील आणि मी हरेन, आणि त्या पुलापलीकडे एक म्हातारा हळूहळू बोलायचं विसरून जाईल. हे सगळं नीट समजून मी पाकीट बंद करतेय. आयाबाई ते तुझ्याच हातात देतील.

तुझीच,
मोठ्या बाई